तीन वर्षांचा संशोधन डेटा, चौघांचे लॅपटॉप: साठवणीची घडी कशी बसवायची?

ओलावा_२४

नमस्कार. जमिनीतल्या ओलाव्यावर तीन वर्षांचा प्रकल्प आहे, पहिलं वर्ष संपत आलंय. डेटा असा: २४ सेन्सर, प्रत्येकाची दर १० मिनिटांनी एक नोंद, लॉगरमधून (नोंदी साठवणाऱ्या उपकरणातून) टेक्स्ट फाइली निघतात. ६२ शेतकऱ्यांच्या मुलाखती, म्हणजे ध्वनिमुद्रणं आणि त्यांचं मराठी शब्दांकन. प्रयोगशाळेतल्या चाचण्या एक्सेलमध्ये. शिवाय ड्रोनचे फोटो. एकूण ३८० जीबी, त्यातले ३४० जीबी नुसते फोटोच.

सध्या एक सामायिक क्लाउड फोल्डर आहे, तो चौघांच्या लॅपटॉपवर सिंक होतो. फाइलींची नावं 'फायनल', 'फायनल_नवीन', 'फायनल_दुरुस्त' अशी झाली आहेत. निधी देणाऱ्या संस्थेला डेटा व्यवस्थापनाचा आराखडा हवा आहे आणि प्रकल्पाच्या शेवटी डेटा सार्वजनिक भांडारात जमा करायचा आहे.

विचारायचंय ते हे: फोल्डरची रचना कशी करावी, प्रती किती आणि कुठे ठेवाव्यात, एक्सेल चालेल का, मुलाखतींचं काय करायचं आणि जमा कुठे करायचं? जितकं नेमकं सांगाल तितकं बरं.

---

तिसरीप्रत

आधी सिंकबद्दल, कारण सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. चार लॅपटॉपवर सिंक होतं म्हणजे चार प्रती झाल्या, असं नाही. ती एकच प्रत चार ठिकाणी दिसते. एकाने फोल्डर उडवला की तो चारही ठिकाणांहून जातो. एका लॅपटॉपवर खंडणीचा व्हायरस आला, तर कुलूपबंद झालेल्या फाइलीही इमानेइतबारे सगळीकडे सिंक होतात. पुसलेल्या फाइली सेवेच्या कचरापेटीत ठरावीक दिवसच राहतात. सहा महिन्यांपूर्वी कधीतरी बिघडलेली फाइल आज लक्षात आली, तर कचरापेटीचा काही उपयोग नाही. रेडचं, म्हणजे अनेक डिस्क मिळून एक म्हणून चालवायच्या रचनेचंही असंच आहे. एक डिस्क बंद पडली तर काम थांबत नाही, एवढंच रेड करतं. चुकून पुसलेलं ते परत देत नाही.

प्रतींसाठी ३-२-१ चा नियम धरा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावी. तुमच्या बाबतीत संस्थेचा सर्व्हर ही कामाची प्रत. एक बाहेरची हार्ड डिस्क, जी बॅकअप घेतानाच जोडायची आणि लगेच काढून ठेवायची. तिसरी प्रत क्लाउडवर, पण सिंक फोल्डरमध्ये नाही. जुन्या आवृत्त्या राखणाऱ्या बॅकअप सेवेत. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी किंवा पेनड्राइव्ह घेऊ नका, वीज न मिळता पडून राहिल्यास त्यांतला विद्युतभार हळूहळू ओसरतो.

बॅकअपचं सॉफ्टवेअर 'मिरर' पद्धतीने चालत असेल, म्हणजे मूळ जागी नसलेलं ते प्रतीतूनही पुसत असेल, तर एक खोडी ध्यानात ठेवा. मूळ डिस्क जोडली गेली नाही आणि तिच्या जागी रिकामा फोल्डर दिसला, तर सॉफ्टवेअर समजतं की सगळं पुसलंय, आणि बॅकअपही रिकामा करून टाकतं. म्हणून पुसण्याचा पर्याय बंद ठेवा.

बॅकअपची व्यवस्थाच डेटा खाऊन टाकते, हे मोठ्या ठिकाणीही घडलंय. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट डेटा, जवळपास ३.४ कोटी फाइली गेल्या. बॅकअपची बॅश स्क्रिप्ट (बॅश हा प्रोग्राम ओळीने चालवतो ती आज्ञांची फाइल) चालू असतानाच तिच्यावर सुधारित आवृत्ती लिहिली गेली होती. बॅश संपूर्ण स्क्रिप्ट आधी वाचून घेत नाही, वाचत वाचत चालवतं. त्यामुळे मधूनच नवी स्क्रिप्ट वाचली गेली, फोल्डरचं नाव ज्या व्हेरिएबलमध्ये असायला हवं होतं तो रिकामा राहिला, आणि जुने लॉग पुसण्याची आज्ञा थेट डेटावर चालली.

आता फोल्डर. चार पुरेत: '०_कच्चा', '१_साफ', '२_विश्लेषण', '३_कागदपत्रं'. लॉगरमधून आलेली फाइल जशी असेल तशी '०_कच्चा' मध्ये टाकायची आणि त्याच दिवशी 'फक्त वाचण्यासाठी' अशी करून टाकायची. ती पुन्हा कुणीही, प्रमुखांनीसुद्धा, बदलायची नाही. '१_साफ' मधली प्रत्येक फाइल कच्च्या फाइलीवर स्क्रिप्ट चालवून पुन्हा तयार करता आली पाहिजे. हाताने करायच्या दुरुस्त्या असतातच. त्या थेट रकान्यात करू नका. दुरुस्त्यांचं वेगळं कोष्टक ठेवा: फाइल, वेळ, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कुणी, कधी. स्क्रिप्ट ते कोष्टक वाचून दुरुस्त्या लावेल. पुढे कुणी 'हा आकडा का बदलला?' असं विचारलं तर उत्तर तिथे सापडतं.

फाइलचं नाव: काय, कुठलं, केव्हा, कितवी आवृत्ती. उदाहरणार्थ 'ओलावा_से०७_२०२४-०३_आ०१'. इथे देवनागरीत लिहिलंय, प्रत्यक्षात रोमन अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि अधोरेषा एवढंच वापरा. सेन्सर ७ नाही, ०७ लिहा, नाहीतर यादीत १० नंबर २ च्या आधी येतो. नावात वेळ घालायची असेल तर अपूर्णविराम (:) चालणार नाही, विंडोज तो स्वीकारत नाही. फोल्डरात फोल्डर फार खोल नेऊ नका, विंडोजवरच्या बऱ्याच प्रणाली आख्खा पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की अडतात.

शेवटचं, पण हे केल्याशिवाय प्रतींना काही अर्थ नाही: चेकसम, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ठसा. शा-२५६ या पद्धतीने तो काढला की प्रत्येक फाइलीसाठी ६४ चिन्हांचा ठसा मिळतो. फाइलीतला एक बिट बदलला तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' हे काम करतं आणि सांगितलं नाही तरी शा-२५६ च वापरतं. लिनक्सवर 'शा२५६सम'. कच्च्या फोल्डरातल्या सगळ्या फाइलींचे ठसे एका टेक्स्ट फाइलीत ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तिन्ही प्रतींवर ताडून बघा. एखादा जुळला नाही, तर जी प्रत जुळते तिच्यावरून लगेच दुरुस्त करा. डिस्कवर गुपचूप झालेला बिघाड याशिवाय कळत नाही, आणि कळला नाही तर तोच पुढच्या बॅकअपमध्ये जातो.

---

रकाना

एक्सेलचं मी सांगते. बघायला चालेल, साठवायला नाही.

तुमचाच हिशेब करू. २४ सेन्सर, दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे रोज ३,४५६ ओळी. वर्षाला १२,६१,४४०. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. म्हणजे सगळे सेन्सर एकाच फाइलीत एकाखाली एक लावले, तर ३०४ व्या दिवशी सकाळी ९:४० ला पान भरतं. सगळा डेटा मावला नाही असा इशारा एक्सेल देतं, पण तो बंद करून कुणी 'सेव्ह' दाबलं की उरलेले दोन महिने त्या फाइलीतून गेले. जुन्या एक्सएलएस फाइलीत तर ६५,५३६ च ओळी. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेतून २०२० साली कोविडच्या १५,८४१ बाधितांच्या नोंदी अहवालात यायच्या राहिल्या, त्या याच जुन्या मर्यादेमुळे.

दुसरा त्रास एक्सेलच्या अंदाजाचा. प्लॉटचा क्रमांक '३-४' लिहिला की त्याची तारीख होते. '०७' चं ७ होतं. रोमन लिपीत '१ई५' असा नमुना क्रमांक असेल तर त्याचे एक लाख होतात. १५ पेक्षा जास्त अंकांचा ओळख क्रमांक असेल तर पुढचे अंक शून्य होतात. जनुकांच्या नावांच्या एक्सेल इतक्या तारखा करत होतं की शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने मानवी जनुकांचीच नावं बदलली. 'मार्च१' चं 'मार्चएफ१' झालं, 'सेप्ट२' चं 'सेप्टिन२'.

तेव्हा साठवण सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल), एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८, महिन्याला एक फाइल. तीस दिवसांच्या १,०३,६८० ओळी होतात, कुठेही सहज उघडतात. अशी सीएसव्ही एक्सेलमध्ये डबलक्लिक करून उघडली की देवनागरीच्या जागी बऱ्याचदा चित्रविचित्र चिन्हं दिसतात. फाइल बिघडलेली नसते. 'डेटा' मेनूतून आयात करा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि प्रत्येक रकान्याचा प्रकार स्वतः ठरवा.

आणखी एक हिशेब सांगते. तीन वर्षांच्या साधारण ३८ लाख ओळी, ओळीला ४० बाइट धरले तर सगळा सेन्सर डेटा १५० एमबीच्या आसपास भरतो. ज्या नोंदी पुन्हा कधीच घेता येणार नाहीत त्या दीडशे एमबीत आहेत. ३८० जीबीच्या आकड्याने दबून जाऊ नका. हा भाग पाच ठिकाणी ठेवला तरी परवडतो.

तारीख '२०२४-०३-१५' अशी, वर्ष आधी. आयएसओ ८६०१ हेच सांगतं. सोबत वेळ आणि यूटीसीपासूनचा (जागतिक प्रमाणवेळेपासूनचा) फरक. लॉगरचं घड्याळ पुढेमागे होतं, म्हणून प्रत्येक फेरीला लॉगरची वेळ आणि फोनची वेळ शेजारी शेजारी लिहून घ्या. दुरुस्ती स्क्रिप्टमध्ये करायची, कच्च्या फाइलीत नाही.

नोंद नसेल तिथे काय लिहायचं, हे पहिल्या दिवशी ठरवा. लॉगर बहुधा -९९९९ देतो. तो सरासरीत शिरला तर निदान डोळ्यांत खुपतो: १४३ नोंदी ०.२५ च्या आणि एक -९९९९, तर दिवसाची सरासरी -६९ येते. खरी भीती शून्याची. सेन्सर दोन तास बंद होता आणि त्या १२ जागी कुणी ० भरले, तर सरासरी ०.२५ ऐवजी ०.२३ येते. दिसायला अगदी खरी, कुणाला शंका येणार नाही, आणि निष्कर्ष मात्र चुकतो. साफ फाइलीत रकाना रिकामा सोडा आणि शेजारच्या रकान्यात कारणाचा कोड द्या: बॅटरी, वायर तुटली, मर्यादेबाहेर.

याच्यासोबत कोडबुक. प्रत्येक रकान्यासाठी एक ओळ: नाव, अर्थ, एकक, शक्य असलेला कमीतकमी आणि जास्तीतजास्त आकडा, नोंद नसल्याची खूण, उपकरण, कॅलिब्रेशनची तारीख. एककात कुचराई करू नका. 'ओलावा २३' म्हणजे आकारमानाने २३ टक्के की वजनाने? तुमची प्रयोगशाळा माती भट्टीत वाळवून वजनावर काढत असणार, सेन्सर आकारमानावर देतो. हे दोन आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत, मध्ये मातीची घनता लागते. ती कुठे मोजली, किती खोलीवर, तेही कोडबुकात हवं. डिस्क मरायच्या कितीतरी आधी असे अर्थ हरवतात, आणि हरवलेल्या अर्थाचा बॅकअप नसतो.

---

मुलाखतवही

मुलाखतींचा डेटा बाकीच्यांपासून पूर्ण वेगळा ठेवा, वेगळा फोल्डर आणि वेगळी परवानगी. चौघांनाही तो उघडता यायची गरज आहे का, हे आधी विचारा.

नाव काढून 'शे०१४' असा क्रमांक दिला म्हणजे मुलाखत निनावी झाली असं होत नाही. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी जोवर कुठेतरी आहे, तोवर माणूस सापडू शकतो. ती यादी वेराक्रिप्टसारख्या साधनाने कुलूपबंद करून शब्दांकनापासून वेगळ्या जागी ठेवा. पासवर्ड किमान दोघांकडे. एकाकडेच असला आणि तो विसरला, तर यादी कायमची गेली.

यादी नसली तरी बाकीच्या तपशिलांवरून माणूस ओळखता येतो. लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की अमेरिकेत पाच अंकी पोस्टल कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखू येऊ शकतात. तुमच्याकडे समजा ४ गावं, ५ वयोगट आणि जमिनीचे ३ गट आहेत. ४ × ५ × ३ म्हणजे ६० खाने, आणि माणसं ६२. म्हणजे सरासरी एका खान्यात एकच माणूस! गाव काढून टाका आणि वयोगट तीन करा, मग ९ खाने उरतात, सरासरी सात जण. सरासरीवर मात्र थांबू नका, सगळ्यात लहान खाना मोजा. त्यात पाचपेक्षा कमी असतील तर गट आणखी एकत्र करा.

शब्दांकनात नावं 'क्ष क्ष' करून खोडू नका, वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. '[थोरला भाऊ]', '[गाव-२]', '[सावकार]' असं लिहा, म्हणजे नातं राहतं आणि माणूस झाकला जातो. आवाज असा झाकता येत नाही, म्हणून मुद्रणं सार्वजनिक भांडारात देऊ नका.

संमतीपत्र आजच काढून वाचा. 'ही माहिती फक्त या प्रकल्पासाठी वापरू आणि नंतर नष्ट करू' असं त्यात असेल, तर निनावी केलेलं शब्दांकनसुद्धा जमा करता येणार नाही. लोक अजून संपर्कात आहेत, तोवर नव्याने संमती मागा. तिसऱ्या वर्षी ६२ जणांना शोधणं फार अवघड जाईल.

ड्रोनच्या फोटोंत घरं, अंगण, माणसं दिसत असतील तर हेच सगळं तिथेही लागू. फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलीतच दडलेल्या माहितीत, जीपीएसचे आकडे असतात. मूळ प्रतीतून ते काढू नका, फोटो जुळवून नकाशा करायला लागतात. फक्त बाहेर द्यायच्या प्रतीतून 'एक्झिफटूल' वापरून काढा.

---

ओलावा_२४

खूप आभार, संमतीपत्र काढून बघतोय. एक अडचण आत्ताच दिसली. शब्दांकन दोघांनी केलंय. 'शेतकऱ्यांना' हा शब्द शोधला की एकाच्या सगळ्या फाइलींत सापडतो, दुसऱ्याच्या एकाही फाइलीत नाही. डोळ्यांना दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात. कशामुळे? आणि हे सगळं गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्यांचा इतिहास राखणाऱ्या प्रणालीत) ठेवावं का?

---

रकाना

'ऱ्य' मुळे. हे जोडाक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी टाइप होतं आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. एका तऱ्हेत नुक्त्याचा ऱ (०९३१), मग हलन्त, मग य. दुसऱ्या तऱ्हेत साधा र (०९३०), हलन्त, झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह (२००डी), मग य. दोघांचे कीबोर्ड वेगळे असणार. शोधणारं सॉफ्टवेअर आकार बघत नाही, कोड बघतं. दऱ्या, वाऱ्यावर, सुऱ्या, पुढाऱ्यांनी, सगळ्यांचं हेच होणार आणि शब्दांची मोजणी चुकणार.

एनएफसी नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करायची युनिकोडची पद्धत, जरूर चालवा. र आणि सुटा नुक्ता असं कुणी टाइप केलं असेल तर त्याचा एकसंध ऱ होतो. पण जॉइनरवाली तऱ्हा एनएफसी बदलत नाही. त्यासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी ओळ हवी: '०९३०, ०९४डी, २००डी' जिथे सापडेल तिथे '०९३१, ०९४डी' करा. सगळे जॉइनर सरसकट पुसू नका, नाहीतर 'ऱ्य' चा 'र्य' होईल आणि 'दऱ्या' चं 'दर्या'. कच्चं शब्दांकन तसंच ठेवून हे साफ प्रतीवर करा. हातासरशी देवनागरी अंकही बघा. आकड्यांच्या रकान्यात कुणी '२३' देवनागरीत लिहिलं असेल तर बऱ्याच प्रणाली तो मजकूर समजतात आणि गणितातून गाळतात.

गिटमध्ये स्क्रिप्ट, कोडबुक, दुरुस्त्यांचं कोष्टक ठेवा, त्यासाठी ते उत्तम आहे. फोटो आणि ध्वनिमुद्रणं नकोत. गिटहब (गिटच्या फाइली ठेवायची ऑनलाइन सेवा) १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेतच नाही. मोठ्या फाइलींच्या आवृत्त्या हव्याच असतील तर डीव्हीसी किंवा गिट-अॅनेक्स बघा. मुलाखतींची नावांची यादी गिटमध्ये एकदाही जाऊ देऊ नका. नंतर पुसली तरी ती इतिहासात राहते.

---

जमापेटी

जमा करण्याबद्दल. भांडार निवडताना आधी तुमच्या विषयाचं खास भांडार आहे का ते 'आरई३डेटा' या नोंदसूचीत शोधा. नसेल तर सर्वसाधारण भांडार. झेनोडो हे भांडार सर्न (युरोपातली अणुसंशोधन संस्था) चालवतं, २०१३ पासून आहे, एका नोंदीला नेहमीची मर्यादा ५० जीबी आणि १०० फाइली. तुमच्या ३६ मासिक सीएसव्ही, कोडबुक, स्क्रिप्ट आणि निनावी शब्दांकन त्यात आरामात बसतं. फाइलींची संख्या वाढली तर शब्दांकनाची एकच झिप करा. ड्रायडही आहे, पण तिथे सीसी-झिरो परवानाच (सगळे हक्क सोडून देणारा) द्यावा लागतो.

फोटोंचे ३४० जीबी बसणार नाहीत, आणि सगळे द्यायची गरजही नसते. जुळवून केलेला नकाशा जिओटिफमध्ये (ठिकाणाची माहिती सोबत असलेल्या चित्रफाइलीत) द्या. मूळ फोटो संस्थेच्या सर्व्हरवर ठेवून नोंदीत लिहा की ते आहेत आणि कसे मागायचे. २०१६ साली मांडलेल्या 'फेअर' तत्त्वांत नेमकं हेच आहे: सापडावा, मिळवता यावा, इतर डेटाशी जुळावा, पुन्हा वापरता यावा. मिळवता यावा म्हणजे सगळ्यांना खुला असलाच पाहिजे असं नाही. काय आहे आणि कोणत्या अटीवर मिळेल, हे खुलं असलं पाहिजे.

जमा केल्यावर डीओआय, म्हणजे संदर्भ देण्यासाठीचा कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. झेनोडोवर दोन मिळतात, एक त्या विशिष्ट आवृत्तीचा आणि एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. निबंधात आवृत्तीचा द्या, नाहीतर वाचणाऱ्याला पुढे दुरुस्त केलेला डेटा मिळेल आणि आकडे जुळणार नाहीत. परवाना सीसी-बाय (श्रेय देऊन वापरा) किंवा सीसी-झिरो. 'अव्यावसायिक' अट घालायचा मोह होतो, पण व्यावसायिक म्हणजे नक्की काय ते धूसर असल्याने सरळ मनाचे लोकही वापरायला कचरतात. निबंध अजून यायचा असेल तर ठरावीक तारखेपर्यंत फाइली बंद ठेवता येतात.

'लेखकाकडे मागितल्यास डेटा मिळेल' यावर विसंबू नका. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५१६ निबंधांचा डेटा मागून पाहिला गेला, तेव्हा निबंधाच्या वयाच्या दर वर्षामागे डेटा हाती असण्याचे ऑड्स, म्हणजे असण्याचं नसण्याशी प्रमाण, १७ टक्क्यांनी घटताना दिसले. ईमेल पत्ते बंद पडलेले आणि डेटा कालबाह्य साधनांवर, ही त्यातली दोन मोठी कारणं.

आराखड्यात वर जे आलंय तेच लिहा. फक्त प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख हवी. 'डेटाचा नियमित बॅकअप घेतला जाईल' या वाक्यातून काहीच ठरत नाही.

---

ओलावा_२४

समजलं. आमच्यातली एक सहकारी दोन महिन्यांत दुसरीकडे जातेय, मुलाखतींचा फोल्डर तिच्या खात्यावर आहे.

---

तिसरीप्रत

मग बाकी सगळं बाजूला ठेवून हे आधी करा. सामायिक फोल्डरची मालकी तिच्या खात्यावर असेल, तर खातं बंद झाल्यावर फोल्डर तुमच्याकडूनही जाऊ शकतो. तिला नुसतं 'शेअर' करायला सांगू नका, फाइली संस्थेच्या सर्व्हरवर उतरवून घ्या, चेकसम काढा, मूळ जागच्या फाइलींशी ताडून बघा. ध्वनिमुद्रणं फोनवर किंवा रेकॉर्डरच्या कार्डावर अजून आहेत का ते विचारा. प्रती जुळल्याची खात्री झाल्यावरच ती मुद्रणं तिथून पुसायची. नावांच्या यादीचा पासवर्ड तिच्यासमोर दुसऱ्याने टाकून यादी उघडून बघायची आणि मग तो बदलायचा. तिने शब्दांकनात वापरलेल्या खुणा, उदाहरणार्थ तीन टिंबं म्हणजे बोलणारा थांबला की ऐकू आलं नाही, हे तिच्याकडून एका पानावर लिहून घ्या. ती असेपर्यंत एकदा बॅकअपवरून कोणत्याही पाच मुलाखती नव्या संगणकावर परत आणून ऐकून बघा, कुठे काही अडलं तर सांगायला ती असेल.